पहिलं नको

टूवूंबा, ११ मार्च २००७

चित्रे,

तू माझ्याशी बोलणार नाहीस हे मला कळलंय. पण वाचणार नाहीस असं काही तू म्हणालेली नाहीस. फोन आला की तो सुनेच्या हातात देता येतो. पाकीट दिलंस तर ती बिचारी तुलाच मोठ्याने वाचून दाखवेल, आणि तिचं मराठी वाचणं म्हणजे खडीच्या रस्त्यावरून बैलगाडी. तेव्हा तूच वाच.

सहा महिन्यांसाठी म्हणून मी इथे आले आणि चौथं वर्ष लागलं, हा तुझा राग. कारणं सांगून झाली आहेत, पुन्हा उगाळत नाही. संजीवला हॉस्पिटलमधून कधीही बोलावणं येतं, माझी सून सुमेधा युनिव्हर्सिटीत शिकवते, आणि निहारिका शाळेतून आली की घरात कोणीतरी हवं, एवढंच. मी अगदी मजेत आहे. सकाळचं आवरलं की पुढच्या खिडकीशी बसते. इथे ऑस्ट्रेलियात गाडीशिवाय पाऊल टाकता येत नाही आणि बस म्हणजे दर्शन दिलं तर दिलं. पोस्टमनची पिवळी दुचाकी गेली की समजते, आता जेवायला हरकत नाही. वेळ कसा जातो कळत नाही.

आता खरी बातमी. घरामागच्या खोलीत आम्ही भाडेकरू ठेवला आहे. यंदा युनिव्हर्सिटीत पोरं इतकी आलीत की गावात खोल्या पुरेनात. आपली, चिनी, नेपाळी, सगळी बॅगा आणि कुकर घेऊन दारोदार फिरताहेत. सुमेधाने तिथल्या फळ्यावर चिठ्ठी लावली. माझ्या मनात होतं, एखादी नाशिक-साताऱ्याची मुलगी येईल, चार शब्द बोलता येतील. आली ती जर्मन. गेसा नाव. एकोणतीस वर्षांची, ट्यूबलाइट बदलायला स्टूल लागत नाही एवढी उंच. उजव्या गुडघ्यावर टाक्यांची लांब खूण. खेळाडूंच्या दुखापती या विषयात मोठी पदवी घेते आहे. आणि चित्रे, खांद्यावर हॉकीच्या काठ्यांची पिशवी. पिशवी बघितली आणि तू डोळ्यांसमोर उभी राहिलीस, दोन वेण्या वर बांधून खडकीच्या मैदानावर निघालेली.

होळीला मी पुरणपोळ्या केल्या. तिला पानावर बसवलं. एक खाल्ली, छान आहे म्हणाली. मी दुसरी घेऊन गेले तर म्हणाली, ‘नो, थँक यू.’ आता पहिल्याच आग्रहाला कोण हो म्हणतं? वाढली. तिने खाल्ली. तिसरी नेली. पुन्हा ‘नो.’ वर तूप घालून वाढली. तीही खाल्ली. चौथीला ती उठून उभी राहिली आणि सुमेधाला शांतपणे म्हणाली, ‘मी तीनदा नाही म्हटलं. माझं इंग्रजी चुकतंय का?’ सुमेधाला हसू आवरेना. निहारिका म्हणाली, ‘आज्जी, शी मीन्स इट.’ मला खरंच कळेना यात मी काय वावगं केलं.

त्याची परतफेड लगेच शनिवारी झाली. गेसाला इथल्या क्लबात सामना खेळायचा होता. जाता जाता तिने विचारलं, तुम्ही येता का बघायला? मी आपली रीतीप्रमाणे म्हटलं, नको गं, तुला कशाला त्रास. ‘ओके,’ म्हणाली आणि गाडी घेऊन गेली. मी फाटकाशी थोडा वेळ उभी होते.

आता थांबते. मोगऱ्याला पाणी घालायचंय.

अक्का


टूवूंबा, २२ एप्रिल

चित्रे,

उत्तर नाही. ठीक आहे. माझी शाई संपेपर्यंत मी दमायची नाही.

मागच्या पत्रात लिहिलं की फाटकाशी थोडा वेळ उभी होते. थोडा नव्हता. मी आधीच हिरवी इरकल नेसून, वेणी घालून, पर्स काखेत मारून तयार होते. मला वाटलं ती वळणावरून परत येईल आणि म्हणेल, चला हो आज्जी, असं काय करता. शेवटी समोरच्या म्हाताऱ्या ब्रूसने गवत कापायचं यंत्र बंद करून विचारलं, ‘यू राइट, लव्ह?’ म्हणजे, बरी आहेस ना. तेव्हा आत आले. संध्याकाळी हे निहारिकाने गेसाला सांगितलं. गेसा धावतच माझ्याकडे आली. चेहरा असा की जणू तिच्या हातून माझं पातेलं फुटलं. म्हणाली, ‘पण तुम्ही नको म्हणालात.’ मी म्हटलं, ‘ते पहिलं नको होतं.’

मग आम्ही दोघींनी टेबलाशी बसून करार केला. निहारिका दुभाषी. गेसाने मला कुठलीही गोष्ट दोनदा विचारायची. मी तिला एकदाच. मला फार जड जातंय, खोटं कशाला सांगू. भाजीचं भांडं हातात घेऊन मी तिच्यासमोर अशी उभी असते, जसा कुत्रा दारातून परवानगीची वाट बघतो. पण करार तो करार.

तर आता दर शनिवारी मी मैदानावर असते. मैदान म्हणजे आपल्यासारखं मुरमाचं नाही. हिरवा गालिचा, आणि खेळायच्या आधी त्यावर पाणी मारतात. बॉल त्यावरून असा पळतो की माझी नजर पोचेपर्यंत तो दुसऱ्या टोकाला. मला काही कळत नाही. तू असतीस तर सांगितलं असतंस. चार जणी गोलमध्ये दाटीवाटीने उभ्या राहतात, बाकीच्यांना पार मध्यावर हाकलतात, मग एक मुलगी कडेवरून बॉल आत ढकलते आणि या चौघी बाहेर धावत सुटतात. हे काय? तू शॉर्ट कॉर्नर म्हणायचीस तेच का? गेसा फुलबॅक आहे. तुझीच जागा.

माझं तिथे काय काम असं विचारशील. बसते आपली खुर्चीवर.

तिची कथा संजीवकडून थोडी आणि तिच्याकडून थोडी, अशी कळली. ही पोर सात वर्षं जर्मनीकडून खेळली आहे. आमच्या मागच्या खोलीत कपडे वाळत घालणारी ही, सगळं जग फिरून आली. त्यांच्या संघात सगळ्या अशाच म्हणे, कोणी शिकते, कोणी नोकरी करते. पोट हॉकीवर नाही. बापाच्या गाई आहेत, समुद्राजवळच्या गावात. आई नाही. हॉलंडला एका सामन्यात गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. ऑपरेशन झालं, वर्ष गेलं, ती पुन्हा पळायला लागली. मग एक दिवस संघाच्या कोचचा फोन आला, की तुझा विचार आता नाही. ती ‘ठीक आहे’ म्हणाली, फोन ठेवला आणि ऑस्ट्रेलियाचा अर्ज भरला.

मी विचारलं, मग पुढे?

‘पुढे काही नाही, आज्जी. ते नाही म्हणाले. म्हणजे नाही.’

हे बोलताना ती मला बटाटे सोलून देत होती. ऑक्टोबरमध्ये जर्मनीचा संघ ब्रिस्बेनला येणार आहे, ऑस्ट्रेलियाशी तीन सामने आहेत, हेही तिने उद्या ढग येतील म्हणावं तसं सांगितलं. पण तिच्या हातातला बटाटा सोलता सोलता सुपारीएवढा झाला होता. पोरीला पुन्हा एकदा देशाचा शर्ट घालायचाय, आणि विचारायचं मात्र नाहीये.

अक्का


टूवूंबा, १७ जून

चित्रे, माझे बाई,

तुझं कार्ड आलं. ‘फुलबॅक डावी की उजवी?’ ना मायना, ना सही. मी ते फ्रिजवर लावलं आहे. संजीव म्हणाला, ‘आई, यात एवढं काय आहे?’ त्याला काय कळणार.

डावी. मी विचारलं. दोन्हीकडे खेळते, पण जीव डावीकडे. तिला तुझ्याबद्दल सांगितलं तर म्हणाली, डावी फुलबॅक म्हणजे डोकं असलेली बाई. हे तू सुनेला मुद्दाम वाचून दाखव.

इथे थंडी मी म्हणते आहे. सकाळी गवतावर पांढरी बारीक साखर पसरल्यासारखं हिव असतं आणि नळाचं पाणी बोटं कापतं. तरी शनिवार चुकवत नाही. तुला आता सांगूनच टाकते, मी खुर्चीवर बसत नाही. क्लबाचं एक खिडकीएवढं कँटीन आहे. तिथली बाई एकदा आली नाही, सगळ्यांची तारांबळ उडाली, तेव्हा मी पदर खोचला. पहिल्या शनिवारी नुसता चहा केला. दुसऱ्या शनिवारी बटाटेवडे. आता आपली युनिव्हर्सिटीतली पोरं हॉकीतलं ओ की ठो कळत नसताना मॅचला येतात आणि खिडकीशी रांग लावतात. कोणी पेट्रोल पंपावरची शिफ्ट संपवून, कोणी शिफ्टला जायच्या आधी. एक जण म्हणाला, ‘आज्जी, मॅच कधी संपते ते सांगू नका, वडे कधी संपतात ते सांगा.’ ब्रूसही येतो. चटणीला तो ‘द ग्रीन स्टफ’ म्हणतो आणि डोळ्यांतून पाणी काढत खातो. आणि हो, पोरांना मी कराराबाहेर ठेवलं आहे. त्यांना तीन-तीनदा वाढते. हात मोकळा सुटला की कसं बरं वाटतं.

पण गेसाशी माझं वाजलं. तीन दिवस अबोला होता.

झालं असं की मी म्हटलं, ऑक्टोबरात तुझे ते कोच इथे हाकेच्या अंतरावर येणार, तर जाऊन विचार की पुन्हा. तेव्हा तुझा गुडघा कच्चा होता, आज तू हरणासारखी पळतेस, हे त्यांना कोण सांगणार? तिने हातातला चमचा खाली ठेवला. म्हणाली, ‘आमच्याकडे माणूस नाही म्हणाला आणि तुम्ही पुन्हा विचारलंत, तर तो त्याचा अपमान असतो. तुम्ही म्हणताय की तो मनापासून बोललाच नाही.’

मी म्हटलं, ‘आमच्याकडे तो नाही म्हणाला आणि तुम्ही पुन्हा विचारलं नाही, तर तुमचंच मन नव्हतं असं होतं.’

‘हे पुरणपोळीचं ठीक आहे, आज्जी. ही टीम आहे.’

‘तुला खेळायचंय की नाही?’

ती उठून गेली. दार आपटलं नाही, ती लोकं दारं आपटत नाहीत, पण अगदी हळू लावलं, त्याचा जास्त आवाज झाला.

सुमेधाने मला बोल लावला. म्हणाली, आई, ती आपली भाडेकरू आहे, मुलगी नाही. बरोबरच आहे तिचं. चौथ्या दिवशी गेसा स्वयंपाकघरात आली आणि नेहमीसारखी कांदा चिरायला बसली. त्या विषयावर तीही नाही आणि मीही नाही.

चित्रे, मला तुझा तो पतियाळाचा, देशाच्या संघाच्या निवडीचा कॅम्प आठवत होता. तू परत आलीस, काठी माळ्यावर टाकलीस आणि पुन्हा कधी विषय काढू दिला नाहीस. मी तिला यातलं काही सांगितलेलं नाही. ते तुझं आहे. सांगू का, एवढंच विचारते. नको म्हणालीस तर एकदाच विचारलं असं समजेन. ही विद्या मला नवीनच आली आहे.

अक्का


टूवूंबा, २६ ऑगस्ट

चित्रे,

तुझी दोन पानं आली. आधी मी एकटीने वाचली, परसात तारेखाली उभी राहून. संजीवचे शर्ट वाळत होते, त्यांच्या आड जरा बरं झालं.

मग तू म्हणालीस म्हणून गेसाला वाचून दाखवलं. मी मराठीतून वाचायचं, निहारिकाने इंग्रजी करायचं. ती पोरगी एरवी दोन शब्दांत आटपते, पण त्या दिवशी वाक्य अन् वाक्य नीट सांगत होती. ‘मला नाही म्हणाले तेव्हा मी मान ताठ करून गाडीत बसले. चाळीस वर्षं सगळ्यांना हेच सांगत आले की त्यांनी मला घेतलं नाही. मी एकदाच विचारलं होतं, हे कोणाला सांगितलं नाही.’ इथे निहारिका थांबली आणि मला म्हणाली, ‘चित्राआजी वॉज दॅट गुड?’ मी म्हटलं, होती. अशी होती की पलीकडच्या मुली तिच्या बाजूने यायला घाबरायच्या.

गेसाने एकच विचारलं, की त्यांनी पुन्हा कधीच काठी धरली नाही? मी नाही म्हटलं. ती उठली, बूट चढवले आणि थंडीत पळायला गेली. परत आली ती म्हणाली, ‘मी विचार करते.’ आपल्याकडे मी विचार करते म्हणजे विसरा. तिच्याकडे म्हणजे ती खरंच विचार करते.

आणि विचार करायला निमित्तही आलं आहे. जर्मनीचा संघ आल्या आल्या इथल्या क्वीन्सलंड राज्याच्या निवडक मुलींशी एक सरावाचा सामना खेळणार आहे. त्या निवडक मुलींत इथली फुलबॅक म्हणून आमच्या गेसाचं नाव आलंय. म्हणजे आपल्याच देशाविरुद्ध तिला उभं राहायचंय. मी आत्तापासून दिवस मोजते आहे. ती मात्र निवांत बसून काठीच्या मुठीला नवी पट्टी गुंडाळते आहे.

अक्का


टूवूंबा, १ ऑक्टोबर

चित्रे,

काल ब्रिस्बेनला जाऊन आलो. घाट उतरून सुमेधाने गाडी चालवली. मागे मी, निहारिका आणि वड्यांचा मोठा स्टीलचा डबा. गेसा पुढे.

तिच्या जुन्या मैत्रिणी मैदानावर तिला बघून अशा धावल्या, मिठ्या काय, ओरडणं काय. मग शिट्टी वाजली आणि ही लाल-तपकिरी शर्टात त्यांच्या समोर उभी राहिली. मला आता थोडं थोडं कळतं, म्हणून सांगते. त्यांची एक सोनेरी केसांची पुढची खेळाडू आहे, विजेसारखी. ती तीनदा डावीकडून घुसली आणि तीनही वेळा गेसाने बॉल असा काढून घेतला, जसं झोपलेल्या मुलाच्या हातातलं खेळणं काढून घेतात. हरले इकडचे, तीन-एक. पण ते तीन गोल दुसऱ्या बाजूने झाले. तुझ्यासाठी मी हे नीट बघून ठेवलं.

सामन्यानंतर त्यांचे कोच आले. टक्कल, चष्मा, मिठाचा खडा गिळल्यासारखा चेहरा. त्यांनी हात मिळवला. मी थोडी मागे डबा धरून. गेसाने त्यांना काहीतरी विचारलं. जर्मन मला येत नाही, पण ‘नाइन’ म्हणजे नाही, एवढं येतं. ते ‘नाइन’ म्हणाले. गेसाने मान हलवली, पिशवी उचलली आणि गाडीकडे निघाली.

देवाशपथ सांगते, मी एक अक्षर बोलले नाही. मी फक्त वाटेत उभी होते. आणि मी काही बारीक नाही.

‘आज्जी, बाजूला व्हा.’

‘होते हं,’ मी म्हटलं. आणि झाले नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता रागावते. पण तिने पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि वळून परत गेली. लांब टांगा टाकत, मैदानाचं पाणी उडवत.

संघाच्या हॉटेलवर तिला सोडायला निघालो, तेव्हा काय बोलणं झालं ते तिने गाडीत सांगितलं. त्यांच्या संघातली एक मुलगी डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेसाठी मध्येच घरी परत जाणार आहे, हे गेसाला मैत्रिणींकडून कळलं होतं. ती कोचना म्हणाली, तिच्या जागी मला घ्या असं मी म्हणत नाही. गुरुवारपर्यंत मला तुमच्याबरोबर सराव करू द्या. माझा गुडघा बघा आणि मग नाही म्हणा. कोच तिच्या गुडघ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, ‘मग मी गुरुवारी नाही म्हणेन.’ ही म्हणाली, ‘चालेल.’

सुमेधाने हे ऐकून इतक्या जोरात हॉर्न वाजवला की पुढचा ट्रकवाला दचकला.

हां, आणि ते कोच. निघताना मी त्यांच्यापुढे डबा धरला. ‘नाइन,’ म्हणाले. माझा करार गेसाशी आहे, जर्मनीशी नाही. तीन वडे खाल्ले त्यांनी. तिसरा मागून.

गेसा त्यांच्याबरोबर ब्रिस्बेनलाच राहिली आहे. घर कसं ओकं ओकं झालंय. कांदा चिरायला घेतला आणि दोघींचा घेतला.

अक्का


टूवूंबा, ८ ऑक्टोबर

चित्रे,

तुझं लांबलचक पत्र शुक्रवारी हातात पडलं. त्याला सावकाश उत्तर देईन, सुनेच्या तक्रारींसकट. तू काठी माळ्यावरून काढून पुसलीस ते वाचून सुमेधालाही बोलावून दाखवलं. पण आज हे आधी.

गुरुवारी मी फोनपाशी बसून होते. फोन आला नाही. मी समजले. शुक्रवारी दुपारी आला. म्हटलं, काय म्हणाले गं? म्हणाली, काहीच म्हणाले नाहीत. काल पूर्ण दिवस माझ्या बाजूने फिरले आणि एक शब्द बोलले नाहीत. आज सकाळी नाश्त्याला गेले तर माझ्या ताटाशेजारी घडी घातलेला शर्ट होता.

मी खाली बसले. संजीव पळत आला, त्याला वाटलं मला चक्कर आली. चक्कर कसली, पाय भुईला लागेनात.

शेवटचा सामना काल, रविवारी दुपारी. आम्ही गाडीने आणि मागे आपली पोरं आणखी दोन गाड्या भरून. कोणी शिफ्ट बदलून घेतली होती, कोणी आजारी पडलं होतं. सगळ्या ऑस्ट्रेलियन लोकांमध्ये आमचा एक घोळका जर्मनीसाठी मराठी-हिंदीत बोंबलत होता. शेजारच्या बाईने विचारलं, तुम्ही जर्मन का? एक पोरगा म्हणाला, ‘फक्त आजच्या दुपारपुरते.’ निहारिकाने एका गालावर ऑस्ट्रेलियाचा झेंडा काढला होता आणि दुसऱ्यावर जर्मनीचा. मॅचमध्ये ज्याचं चाललंय तो गाल ती पुढे करत होती.

पहिला अर्धा वेळ गेसा बाहेर बाकावर. माझा जीव नुसता टांगणीला. मध्यंतरानंतर एक-एक बरोबरी झाली आणि मग कोचने तिच्या खांद्याला हात लावला. ती आत गेली. चित्रे, पांढऱ्या शर्टात ती मला ओळखूच येईना. आमच्या तारेवर कपडे वाळत घालणारी नव्हतीच ती. मान अशी उचललेली, हाताने पुढच्या मुलींना जागा दाखवतेय, ओरडतेय, आणि त्या ऐकताहेत.

शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली असतील. ऑस्ट्रेलियाला तुझा तो शॉर्ट कॉर्नर मिळाला. गोलमध्ये गोलकीपर आणि चार जणी. तू लिहिलंस म्हणून मला आता माहीत आहे, त्यांतली एक सगळ्यांत पुढे धावते, थेट मारणारीच्या अंगावर. ती गेसा होती. कोणीतरी बॉल आत ढकलला. तो कडेने सरकत होता तोवर ही निम्म्यात पोचलेली. मारणारीने काठी मागे नेली आणि ही थांबली नाही. बॉल येतोय आणि ही त्याच्याकडे पळतेय, तो शिवलेला गुडघा पुढे घालून. मी डोळे मिटले. अर्धेच. खाडकन आवाज झाला. तिच्या काठीच्या टोकाला लागून बॉल गोलच्या बाहेरून, जाळीला न शिवता, पार कुंपणापर्यंत गेला.

संपला सामना. बरोबरी. मालिका ऑस्ट्रेलियाने जिंकलेली होतीच, पण या पोरींनी मैदानात जो गोंधळ घातला, पाहणाऱ्याला वाटावं की यांनीच सगळं नेलं. कोच चष्मा पुसत होते. मैदानाबाहेरच्या जॅकरांडाची जांभळी फुलं सगळ्यांच्या पायाखाली आली होती, आणि आपली पोरं त्यांच्यावरच नाचत होती.

जानेवारीत त्यांचं शिबिर आहे, तिला बोलावलंय. निवड होईलच असं काही नाही, हेही सांगितलंय. ती जाणार. इथली पदवी युनिव्हर्सिटी राखून ठेवते, सुमेधाने आधीच विचारून ठेवलं. मागची खोली रिकामी होईल, त्याचं मी आज काही मनावर घेणार नाही.

सामन्यानंतर ती कुंपणाशी आली, घामाने निथळत, आणि सुमेधाचा मोबाइल मागितला. बापाला फोन करायचा होता. तिकडे सकाळ, धारा काढून झालेल्या. ऑपरेशननंतर तिच्या बापाने हॉकीचं नाव टाकलं होतं. घरात विषय नको, टीव्ही नको. या आठवड्याचं तिने त्यांना काही कळवलंच नव्हतं. ती बोलायला लागली. आधी घाईघाईने, मग हळू, मग नुसती ऐकत राहिली आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत राहिली. मग एकदम तिने फोन माझ्या कानाला लावला. म्हणाली, ते तुमच्याशी बोलायचं म्हणताहेत.

त्यांना इंग्रजी येत नाही, मला जर्मन येत नाही. मी सरळ मराठीत सुरू केलं. सांगितलं की पोर खुशाल आहे, खाणंपिणं नीट आहे, कांदा आपल्यापेक्षा बारीक चिरते. आज कशी खेळली ते सगळं सांगितलं, तो शेवटचा बॉलसुद्धा. मी थांबले की ते बोलायचे. घोगरा आवाज, सावकाश, मला कळावं म्हणून अगदी सुटं सुटं. मागे एक गाय हंबरली. ते तिला काहीतरी म्हणाले आणि पुन्हा माझ्याशी बोलायला लागले. आम्ही कितीतरी वेळ बोललो. सुमेधा मोबाइलच्या बिलाच्या भीतीने खाणाखुणा करत होती, मी तिच्याकडे पाठ फिरवली.

फोन ठेवल्यावर गेसाने विचारलं, ‘बाबा काय म्हणाले, आज्जी?’

मी म्हटलं, ‘म्हणाले, फार छान झालं. पण गुडघ्याला जप.’

‘हो,’ गेसा म्हणाली. ‘मलाही तेच म्हणाले.’

तुझी
अक्का